चार जिन्यांची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, पण रस्ता कसा असतो ते मला ठाऊक नाही. माझा जन्मच मुळी जागेवर फिरण्यासाठी झाला. कारखान्यात माझ्या पोटात जड चाक बसवलं आणि एका व्यायामशाळेत, मोठ्या आरशासमोर मला आणून ठेवलं. नवी होते तेव्हा माझ्यावर बसायला रांग लागायची. कोणी घाम गाळायचं, कोणी नुसताच आरसा पाहायचं! पुढे दिवे लुकलुकणारी यंत्रं आली आणि माझी रवानगी खिडकीपाशी झाली.

तिथेच मला शिंपीणमावशी भेटली.

चाळीस वर्षं पायाने शिलाई मशीन चालवून तिचे गुडघे धरले होते. दहा पायऱ्यांत धाप लागायची. तिची थोरली बहीण चौथ्या मजल्यावर राहायची. तिला खाली उतरवत नव्हतं, हिला वर चढवत नव्हतं, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. दोन वर्षं दोघी फोनवरच भेटत होत्या. "गुडघ्यांना हिसका न देता दम वाढवा," असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून मावशी आली. गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली.

व्यायामशाळेतल्या कोचबाईंनी माझी बैठक तिच्या बेताची केली. पाय खाली गेला तरी गुडघा जरासा वाकलेलाच राहील, इतकी. पायडल फिरवायला लागणारा जोर अगदी कमी ठेवला. "हं मावशी, चालवा."

मावशीने पाय ठेवले आणि पुढे-मागे, पुढे-मागे! मी पाळण्यासारखी झुलू लागले.

"अहो मावशी, हे शिलाई मशीन नाही! गोल फिरवा."

"मला कळतंय गं. या पायांना कोण सांगणार? जन्मभर एकच धडा गिरवलाय त्यांनी."

तीन दिवसांनी पाय वळणावर आले. रोज पाचच मिनिटं. पण चौथ्या दिवशी कोचबाईंची पाठ वळताच मावशीने जोराची कळ करकचून पिळली. गुडघा टम्म सुजला. आठवडाभर तिची जागा रिकामी राहिली. मी दाराकडे डोळे लावून होते.

ती परतली तेव्हा कोचबाईंनी एवढंच विचारलं, "घाईत घातलेली टीप टिकते का हो?"

मावशी ओशाळली. "नाही गं. उसवावीच लागते."

मग एक दिवसाआड, सावकाश. चालवताना बोलता यावं, पण गाता येऊ नये, असा कोचबाईंचा नियम. सहज गाता आलं की जोर किंचित वाढवायचा. मावशी दर खेपेला गाऊन पाही:

चाक फिरे गरगर, वाट नाही सरत,
चौथ्या मजल्यावर ताई बसली गं झुरत.

जोर वाढला की दुसऱ्या ओळीत दम तुटे. काही दिवसांनी तीच ओळ पुन्हा पुरी होई. पाचाची दहा मिनिटं झाली, दहाची पंचवीस. शेवटी हळूहळू थांबायचं, टुणकन उतरायचं नाही.

एकदा माझं पायडल कुरकुरलं. तिने पिशवीतून तेलाची कुपी काढली आणि दोन थेंब सोडले. "तुझेही सांधेच गं बाई," म्हणाली. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

तीन महिने झाले आणि एका सकाळी ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी आली, ती थेट माझ्यापाशी.

"चढलात?" कोचबाई धावत आल्या.

"चढले! दोनदा टेकले, पण चढले."

"ताई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, 'किती उशीर! चहा गार झाला.'"

"सकाळचा?"

"दोन वर्षांपूर्वीचा गं!" आणि माझ्या हँडलवर डोकं टेकून ती हसता हसता रडली.

आता ती येत नाही. ताईकडचे चार जिने रोज आहेतच. तिच्या पायांची आठवण मला फार येते. पण जिच्यासाठी फिरले ती पोचली, जागेवरच्या सायकलीला आणखी काय हवं?

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या कोपऱ्यात माझी बहीण ओले टॉवेल अंगावर घेऊन उभी असेल. तिला मोकळी करा. सांध्यांत तेल सोडा, बैठक आजीच्या बेताची करा आणि पहिले काही दिवस पाचच मिनिटं फिरवू द्या. टॉवेल काय, दोरीवरही वाळतात.