लाल दोरा, पांढरा दोरा

तोमेने वाकून भिंतीतला प्लग उपटला. तिला पाहताच आपणहून वर उठू लागलेलं कमोडचं झाकण अर्ध्यावरच थबकलं.

"उगाच सलाम ठोकतंय मेलं," ती पुटपुटली. झाकण हाताने मागे ढकलून ती बसली. सीट बर्फासारखी गार होती. खिडकीबाहेर बर्फ पार काचेच्या वरपर्यंत साचलं होतं. तिने दातांवर दात दाबले आणि भिंतीवरच्या बटणांच्या पट्टीकडे पाठ वळवता येईल तेवढी वळवली.

परवा तिचा मुलगा नोरिओ सेंदाई शहरातून गाडीत घालून ही विजेवर तापणारी सीट घेऊन आला, स्वतःच्या हाताने बसवली. थंडीत म्हाताऱ्या माणसाने गार संडासात जाऊ नये, म्हणाला. काल सकाळी तोमे पहिल्यांदा त्यावर बसली आणि दचकली. ऊब अगदी माणसाची होती, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी. तिचा नवरा साकुझो जिवंत होता तेव्हा हिवाळ्यात रोज सकाळी तो तिच्या आधी जायचा. बाहेर येऊन म्हणायचा, "जा, तापवून ठेवलीय." तिने कधी आभार मानले नव्हते. उलट म्हणायची, तेवढं एक काम तरी जमतं तुम्हाला.

त्या आठवणीत तिचा हात पट्टीकडे गेला. पाणी सोडायचं म्हणून तिने एक बटण दाबलं, तर खालून धार आली. थांबवायला दुसरं दाबलं, धार दुप्पट झाली. ती ताडकन उठली, तर पाणी थेट समोरच्या दारावर. ती तशीच भिजून बाहेर पडली आणि तातामीच्या चटयांवर, मुला-सुनेच्या पुढ्यात, येऊन उभी राहिली.

नोरिओने ओल्या कपड्यांकडे पाहिलंच नाही. त्याने तिच्या पायांकडे पाहिलं.

पायांत संडासातल्या सपाता होत्या. ज्या सपाता दाराबाहेर पाऊलभर आणल्या म्हणून तिने लहानपणी याच नोरिओच्या पोटऱ्यांवर वळ उठवले होते, त्या सपाता घालून ती स्वतः चटईवर उभी होती. नोरिओने बायकोकडे, मिसाएकडे, नजर टाकली. ती नजर तोमेला धारेपेक्षा जास्त झोंबली.

आज सकाळच्या जेवणाला त्याने भाताची वाटी खाली ठेवली.

"आई, गुरुवारी दवाखान्यात जायचंय. मिसाए थांबेल, ती नेईल तुला."

"मला काय झालंय?"

"काही नाही. डोक्याची तपासणी. तुझ्या वयाचे सगळे करतात."

"माझं डोकं जागेवर आहे. तुझंच कुठे पडलंय ते बघ."

"शेजारच्या कुदोकाकू सांगत होत्या, गल्लीत घरोघर फिरणारी नोटिशींची फाईल तुझ्याकडे आली की चार-चार दिवस पडून राहते. पूर्वी दुसऱ्या दिवशी पुढे जायची. तू विसरतेस."

"कुदोची जीभ आणि बर्फ ढकलायचं यंत्र, दोन्ही एकदा सुरू झालं की थांबत नाही."

"आई, थट्टा नको. काल तुला थांबवायचं बटण सापडलं नाही. त्यावर लिहिलंय, एवढं मोठं. तुला एकटीला इथे ठेवायचं की सेंदाईला न्यायचं, हे मला आता ठरवावं लागेल."

तोमेने सूप ओठाला लावलं. फाईल पूर्वी दुसऱ्या दिवशी पुढे जायची, कारण साकुझो ती वाचून दाखवायचा. तो गेला त्याला तीन महिने झाले. शाळेत ती गेली ती धाकट्या भावाला पाठीवर बांधून. तो रडला की मास्तर दोघांना बाहेर काढायचे. साधी, वाकडी-गोल अक्षरं तेवढी तिच्या हाती लागली. फांद्या फुटलेली ती चिनी वळणाची अवघड अक्षरं राहिली ती राहिलीच. साठ वर्षं एकाच माणसाला हे ठाऊक होतं आणि त्याने ते सोबत नेलं. आता मुलाला सांगावं, तर त्याच्या शाळेच्या वह्या तिने कशा तपासल्या होत्या ते उघडं पडणार: पानं उलटून, भुवया चढवून, "अक्षर सुधार" म्हणत. न सांगावं, तर वेडी ठरून सेंदाईच्या सातव्या मजल्यावर जाऊन बसायचं.

तिने सूप संपवलं आणि लोणच्याच्या खोलीकडे निघाली.

मिसाए मागोमाग आली आणि उंबऱ्याशी थांबली. सत्तावीस वर्षांत तिला त्याच्या आत पाऊल टाकायची परवानगी मिळाली नव्हती. आत धुरावलेल्या मुळ्याची पिंपं ओळीने मांडलेली, प्रत्येकावर दगड, प्रत्येकाच्या कडीला दोरा.

"आई, लाल दोरा म्हणजे अजून मुरायचंय ना?"

"लाल म्हणजे थांब. हात लावायचा नाही. पांढरा म्हणजे काढायला झालंय. सत्तावीस वर्षांत एवढं कळलं नाही?"

"कळलं होतं. खात्री करून घेतली," मिसाए म्हणाली. ती पिंपांकडे बघत राहिली. एकाही पिंपावर तारखेची चिठ्ठी नव्हती. शेजारणींच्या पिंपांवर असतात. "दोरा थोडासा घेऊ का? दोन्ही रंगांचा."

"कशाला?"

"टाके घालायचेत."

"घे. रीळ जागेवर ठेव."

दुपारी नोरिओने हाक मारली. तो संडासाच्या दारात उभा होता, प्लग पुन्हा भिंतीत बसवलेला. मिसाए त्याच्यामागे हात पुसत उभी.

"आई, एकदाच दाखव. धार थांबवायची तर कुठलं दाबशील? वाचून सांग."

"मी काय पहिलीत बसलेय?"

"एकदाच."

"चष्मा नाही."

त्याने खिशातून तिचा चष्मा काढून पुढे धरला. तोमेने त्याच्याकडे पाहिलं. एवढी पूर्वतयारी त्याने परीक्षेलाही कधी केली नव्हती. तिने चष्मा नाकावर चढवला. आता दुसरा बहाणा उरला नव्हता. आत पाऊल टाकताच झाकण आपणहून वर उठलं. तिने सपाता बदलल्या, नीट, दोन्ही पाय सांभाळून. मग पट्टीकडे वळली.

फांद्या फुटलेल्या अक्षरांची तीच रांग. आणि त्या रांगेत, एका बटणाच्या कडेला, पारदर्शक पट्टीखाली चिकटवलेला लाल दोरा. पार टोकाच्या बटणाला पांढरा. दोन्हींना पिंपांवरची तिची गाठ: दोन वळसे, एक टोक आखूड.

ती गाठ या घरात दुसरं कोणी मारत नसे.

"आई?" नोरिओ म्हणाला.

"ऐकू येतंय." तोमेने लाल दोऱ्यावर बोट ठेवलं. "हे थांबवायचं." मग पांढऱ्यावर. "हे पाणी सोडायचं. मधली सगळी तुझ्यासारख्या रिकामटेकड्यांसाठी."

नोरिओ पुढे वाकला. "हे दोरे कसले?"

तोमेने चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी लावलेत," मिसाए मागून म्हणाली. "मलाच दिसत नाही ते बारीक. आज सकाळी मीही भिजले, फक्त ओरडले नाही."

"तू?"

"हो. मलाही नेणार का गुरुवारी?"

नोरिओने मान खाजवली. बायकोकडे बघितलं, आईच्या पायांकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं.

"नको मग. राहू दे सध्या," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात येईन तेव्हा बघू." आणि थोडं ओशाळून, "आता दोघी जरा बाहेर व्हा. मला जायचंय."

दार लागलं. आतून झाकण उठल्याची बारीक घरघर ऐकू आली.

तोमे ओसरीकडे गेली. बुटांच्या कपाटावर नोटिशींची फाईल तिसऱ्या दिवशीही तशीच पडली होती. ती उचलून तिने आणली, खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलावर मिसाएसमोर ठेवली आणि स्वतः पाय दुमडून बसली.  मिसाएने फाईलीला हात लावला नाही.

"कधीपासून?" तोमेने विचारलं.

"लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. मी माहेरून तुम्हाला पत्र लिहिलं होतं. उत्तर तुमच्या नावाने, पण मामंजींच्या अक्षरात आलं."

तोमेने टेबलावरचा नसलेला कण बोटाने झटकला.

"तो बसलाय तोवर वाच," ती म्हणाली. "हळू."

मिसाएने फाईल उघडली. "शनिवारी सकाळी सात वाजता रस्त्यावरचं बर्फ काढणे. प्रत्येक घरातून एक जण. फावडं आपापलं."

"पुढे."

"एवढंच. खाली वाचल्याचा घराघराचा शिक्का." तिने शिक्क्याच्या डबीकडे हात नेला.

"हात मागे घे," तोमे म्हणाली. डबी तिने स्वतः उघडली, शिक्का लाल शाईत दाबला. "मारीन माझा मी. आपलं घर कुठलं, तेवढं बोट ठेव."