टाकीचं विरजण

नव्या टाकीचं काम एकदाचं पुरं झालं की बाईंच्या पदरात काय काय पडणार, याची मोजदाद घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने करून ठेवली होती. मुख्य कार्यालयातली बदली ठरल्यातच जमा होती. बदलीबरोबर शहराच्या वरच्या अंगाला क्वार्टर मिळणार होतं, म्हणजे सांडपाण्याच्या प्लँटपासून लांब. सासूबाईंच्या हिशेबात क्वार्टरला किती खोल्या याला महत्त्व नव्हतं. खिडक्या उघड्या ठेवून जेवता येईल, एवढ्यावर त्या खूश होत्या. लेकीला वर्गात कुणी तरी आपण होऊन शेजारी बसायला हवं होतं. नवऱ्याचा मंडप-सजावटीचा धंदा, आणि उद्घाटनाचा मंडप त्यालाच मिळाला होता. हे काम बायकोमुळे मिळालेलं नाही, असं तो भेटेल त्याला न विचारता सांगत असे, त्यामुळे ते कुणामुळे मिळालं हे गावभर झालं.

हिशेबात आणखी एक माणूस होतं. बाईंची धाकटी नणंद नदीच्या खालच्या अंगाला लॉन्ड्री चालवायची. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुवायची. पाणी नदीकाठच्या विहिरीचं, आणि विहिरीला पाझर नदीचा. "टाकी सुरू झाली की नदीत काचेसारखं पाणी सोडू," असं बाई एकदा जेवताना म्हणाल्या होत्या. त्या एका वाक्यावर नणंदेने कर्ज काढून मोठं मशीन घेतलं. वहिनीचा शब्द म्हणजे तिला बँकेपेक्षा पक्का.

बाईंना स्वतःला काय हवं होतं, हे कुणी विचारलं नाही. त्यांना जायचं होतं. बस्स. कुणाच्या घरी गेल्यावर आधी आपल्या पदराचा वास घेऊन बघायची सवय त्यांना मोडायची होती.

त्या प्लँटच्या इंजिनिअर. शहराने नळातून, मोऱ्यांतून, संडासांतून जे सोडून दिलं आणि मग ज्याचा विचार केला नाही, ते सगळं त्यांच्या दारात यायचं. जुनी टाकी शहराला पुरेनाशी झाली म्हणून नवी बांधली. काँक्रीट झालं, तळाशी हवेच्या नळ्या बसल्या, हवा फुंकणारी मशिनं घरघरू लागली. पण नुसत्या टाकीने पाणी स्वच्छ होत नाही. घाण खाणारे जंतू टाकीत वाढावे लागतात. म्हणून जुन्या टाकीतला जिवंत गाळ नव्या टाकीत घातला होता. प्लँटवर त्याला सगळे विरजण म्हणत.

रोज सकाळी फोरमन नाना काचेच्या उंच भांड्यात टाकीतलं पाणी भरून आणायचे आणि बाईंच्या टेबलावर ठेवायचे. अर्ध्या तासात तपकिरी गाळ तळाशी बसायचा, वर नितळ पाणी राहायचं. तळातला थर रोज थोडा जाड होत होता.

"धरलंय बरं का," नाना भांडं उजेडात धरून म्हणायचे. "वास घ्या. माती भिजल्यासारखा येतोय."

"नाना, या वासाचं अत्तर काढा. मी सासूबाईंना देते."

"देऊ नका. घराबाहेर काढतील. मला नाही, तुम्हाला."

विरजण लागेपर्यंत धीर धरायचा, एवढंच काम उरलं होतं. अशा वेळी मुख्य कार्यालयातले साहेब आले.

साहेब याच विषयात शिकलेले. टाकीत काय चाललंय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही, आणि बाईंचा राग नंतर जो कधी विझला नाही, तो याच गोष्टीमुळे. अडाणी माणसाला माफ करता येतं. साहेब कठड्याला टेकले, खाली बघितलं. तपकिरी पाणी उकळल्यासारखं खदखदत होतं, वर फेस.

"हे असं दाखवायचं पाहुण्यांना?"

"चांगलं विरजण असंच दिसतं साहेब. रंग बघा ना."

"मला बघायला लावू नका. शुक्रवारी पाहुणे बघणार आहेत, फोटोवाले बघणार आहेत. लोक म्हणतील, एवढा खर्च करून घाण ढवळताय?"

"मग समजावून सांगू. मी बोलते चार वाक्यं."

"बाई, उद्घाटनाला कुणी शिकायला येत नाही." साहेब हसले. हसताना ते फार गोड दिसत. "टाकी रिकामी करा. आतून निळा रंग आहेच. साधं पाणी भरा, हवा सोडा. निळ्या पाण्यात बुडबुडे. छान दिसेल."

"आणि तोवर शहराचं पाणी?"

"जाऊ दे की नदीत. इतकी वर्षं काय गुलाबपाणी जात होतं?"

"जुनी टाकी तुम्ही पाडून वर मंडपासाठी मैदान केलंत. हा गाळ गेला तर परत विरजण लावायला काही उरत नाही."

"तुमच्या बदलीचा कागद माझ्या टेबलावर आहे," साहेब म्हणाले. "सगळ्यात वरचाच." आणि गाडीत बसून निघून गेले.

नाही म्हणायला बाईंना एक शब्द पुरला असता. तो त्यांच्या तोंडात होताही. पण त्याच तोंडाला नव्या घराची चव लागली होती. शेवटी त्यांनी दोन्ही दगडांवर पाय ठेवला. टाकी रिकामी करायची, पण विरजण वाचवायचं.

पंप-घराच्या मागे एक लहानशी चौकोनी टाकी पडून होती. नानांनी ती साफ केली, हवेची एक नळी तिच्यात सोडली, आणि गाळाचा सगळ्यात दाट भाग त्यात भरून घेतला. रोज थोडं सांडपाणी खायला घालायचं, हवा चालू ठेवायची, शुक्रवार उलटला की परत मोठ्या टाकीत. वर ताडपत्री बांधली. साहेबांच्या कानावर गेलं तर तेही फेकायला लावतील, म्हणून बाईंनी नानांना बजावलं, "कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही." स्वतःही घरी अवाक्षर काढलं नाही. नवऱ्याला सांगणं म्हणजे गावाला सांगणं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

शुक्रवार झोकात झाला. जुनी टाकी जिथे होती तिथे पांढऱ्याशुभ्र पडद्यांचा मंडप उभा राहिला. दगडावर नावं कोरली होती, पाहुण्यांचं मोठ्या अक्षरात, साहेबांचं मध्यम अक्षरात. बाईंचं नाव नव्हतं. दगड संपला असावा. पाहुण्यांनी बटण दाबलं. निळ्या पाण्यात बुडबुडे उसळले.

"पोहायला आलो तर चालेल का?" पाहुणे म्हणाले.

सगळे खळखळून हसले. बाईही हसल्या.

नणंदही आली होती. नटूनथटून. "वहिनी, काय पाणी गं! माझं मशीन नशीबवान आहे." बाईंनी तिला तिथेच बाजूला घेऊन खरं सांगायला हवं होतं. पण फोटोसाठी बोलावणं आलं.

पाहुण्यांच्या गाड्या फाटकाबाहेर पडल्या तशा बाई पंप-घराच्या मागे गेल्या. वास आधी आला. मातीचा नव्हे, नाक झोंबणारा, धुतलेल्या दवाखान्यासारखा. ताडपत्री नीट घडी घालून कट्ट्यावर ठेवलेली. टाकीतलं पाणी फिकट पडलेलं, वर राखेसारखा थर. नळीतून हवा इमानदारीने येत होती. खाणारं कुणी उरलं नव्हतं. कट्ट्याला टेकून ब्लीचिंग पावडरीच्या दोन रिकाम्या गोण्या उभ्या होत्या.

त्यांचा नवरा मंडपाचे दोर सोडत होता. बायकोला येताना बघून त्याचा चेहरा उजळला.

"कसं झालं? एक माणूस नाकाला रुमाल लावलेला दिसला का तुला?"

"मागच्या टाकीत पावडर कुणी टाकली?"

"मी! तिथेच पाहुण्यांच्या गाड्या लागणार होत्या. ताडपत्री उचलली तर हा भपकारा! म्हटलं, शेवटच्या दिवशी कुणी तरी तुला अडकवायला ठेवलंय. दोन गोण्या ओतल्या. स्वतःच्या पैशाने. तुला सांगणारही नव्हतो."

बाई त्याला लग्नापासून अहो-जाहो करत आल्या होत्या. भांडतानासुद्धा.

"गाढवा," त्या म्हणाल्या. "तू मारून टाकलंस ते."

दोर सोडणारे गडी थांबले. नवऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. गाढव म्हटल्यापेक्षा 'तू'ने तो जास्त हबकला होता.

"काय मारलं? अगं, घाण होती ती!"

"घाण खाणारं होतं! साऱ्या शहराची घाण! वाचवून ठेवलेलं मूठभर, तेवढंच होतं!"

"मग मला सांगायचं होतंस."

बाई आणखी चिडल्या. त्यांनी पांढऱ्या पडद्याची कड धरली आणि अशी ओढली की अर्धा मंडप खाली आला. नाना लांबून बघत होते. ते पुढे आले नाहीत. कधी पुढे यायचं नसतं हे त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी शहराचं सांडपाणी नव्या टाकीत सोडलं. ते एका बाजूने आत आलं, बुडबुड्यांतून गेलं आणि जसंच्या तसं दुसऱ्या बाजूने नदीत पडलं. नानांच्या काचेच्या भांड्यात काहीच तळाशी बसेना. वरपासून खालपर्यंत एकसारखं गढूळ.

चार दिवस वाट बघून बाई साहेबांकडे गेल्या. "शेजारच्या शहराच्या प्लँटमधून गाळाचे टँकर मागवू. महिन्याभरात टाकी धरेल. पत्रावर तुमची सही लागेल."

"पत्रात काय लिहिणार? उद्घाटन झालेला प्रकल्प चालत नाही म्हणून?"

"चालत नाहीच आहे."

"दगडावर लिहिलंय, चालतो." साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. नदीत सोडलेलं पाणी ठरवून दिल्याप्रमाणे स्वच्छ आहे, असा अहवाल. खाली बाईंच्या सहीची जागा. त्याखालून दुसऱ्या कागदाची कड दिसत होती. बदलीचा. "गाळ काय, आपोआप वाढेल हळूहळू. तुम्ही तोवर तिकडे असाल. ही सही करा, ती बदली घ्या."

बाईंनी सही केली नाही, पण कागद फाडलाही नाही, घडी घालून पर्समध्ये टाकला. "उद्या सांगते," म्हणाल्या. एवढा राग येऊनही उद्यावर ढकललं, याचाच राग घेऊन त्या घरी आल्या.

घरी नणंद बसली होती. समोर दोन गाठोडी.

"वहिनी, वास घे."

घ्यायची गरज नव्हती. खोलीभर तोच होता. पहिल्या गाठोड्यात दवाखान्याच्या चादरी. पांढऱ्याच्या मळकट पिवळ्या झालेल्या.

"तीनदा धुतल्या. जितक्या धुतल्या तितक्या घाण झाल्या. दवाखान्याने काम काढून घेतलं. हॉटेलवाला म्हणाला, माझं गिऱ्हाईक तुझ्या चादरीवर झोपून पळून गेलं." ती हसायचा प्रयत्न करत होती. "पाण्याला काय झालंय गं? तू तर म्हणाली होतीस."

"आणि हे दुसरं?" नवऱ्याने विचारलं.

"दादा, तुझेच पडदे. उद्घाटनाचे. शुभ्र करून देते म्हणाले होते ना तुला."

त्याने गाठ सोडली. पडदे बघितले, नाकाशी नेले आणि खाली ठेवले. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "माझ्यामुळे."

"तुमच्या एकट्यामुळे नाही," बाई म्हणाल्या. 'तुम्ही' परत आलं होतं, पण त्यात मान कमी आणि दमणूक जास्त होती. "साहेब म्हणाले रिकामी करा, मी केली. मला घर हवं होतं." मग नणंदेकडे वळून त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. निळ्या पाण्याचंही.

नणंद एवढंच म्हणाली, "म्हणजे मी टाळ्या वाजवत होते तेव्हा तुला माहीत होतं." गाठोडी तिथेच टाकून ती उठली. सासूबाईंनी हाक मारली, ती थांबली नाही.

सकाळी बाईंनी साहेबांचा अहवाल सही न करता परत पाठवला. त्याच्यावर दुसरा कागद ठेवला, त्यात पाण्याची खरी अवस्था लिहून. शेजारच्या शहराला टँकरसाठी पत्र धाडलं, ते स्वतःच्या सहीने. अधिकार नव्हता. साहेब फोनवर इतके ओरडले की नानांनी खिडकी लावून घेतली.

"अधिकार नव्हता तर टाकी रिकामी करायला कसा होता मला?" बाई फोनमध्ये ओरडल्या. "ते तोंडी चाललं, हे लेखी हवं?"

टँकर आले. गाळ उतरला, हवा सुरू झाली, आणि नानांच्या भांड्यात तळाशी पुन्हा तपकिरी थर दिसू लागला. टाकी आज नीट चालते. नदीत जाणारं पाणी काचेसारखं नसलं तरी लाज वाटावी असंही नाही.

आता कुणाचं काय गेलं ते बघू. पाहुण्यांचं काही गेलं नाही. त्यांना फोटो मिळाला. साहेबांना प्रकल्प वेळेत पुरा केल्याबद्दल बढती मिळाली, आणि ज्या क्वार्टरच्या खिडक्या सासूबाईंनी मनात उघडल्या होत्या, तिथे साहेबांचे मेहुणे राहतात. बाईंची बदली रद्द झाली, वर चौकशी लागली. लेक अजून वर्गात एकटीच बसते. नवऱ्याचे पडदे वाया गेले. त्याने नवे शिवले. नणंदेची गिऱ्हाइकं मात्र परतली नाहीत. पाणी सुधारलं तेव्हा तिच्याकडे धुवायला काही उरलं नव्हतं. आता ती दुसऱ्याच्या दुकानात इस्त्री करते आणि पगार झाला की आधी बँकेत जाते. मोठं मशीन तसंच उभं आहे, तशीच एक पिवळी चादर अंगावर घेऊन. वहिनीच्या एका वाक्याचे हप्ते ती अजून फेडते आहे.