परत मागितलेली मूठ

हे २००३ सालचं. वैशाख सरत आला होता आणि अंबाजोगाईत दिवसाचे सहा तास लाइट नसायची. यजमानांना जाऊन दोन वर्षं झाली होती. माझी मुलगी रुचिका मला पुण्याला न्यायला येणार होती. घर आवरता आवरता एकच वस्तू अशी उरली की जी टाकवत नव्हती आणि पुण्याच्या दोन खोल्यांत मावतही नव्हती. ती म्हणजे त्यांचा पितळी मायक्रोस्कोप.

योगीरावांनी तीस वर्षं दवाखान्यात रक्त तपासलं. तिथली यंत्रं सरकारी. हे मात्र त्यांचं स्वतःचं, लग्नाआधी हैदराबादेत हर्राशीत घेतलेलं. हर्राशी म्हणजे लिलाव. आमच्याकडे निजामाच्या काळापासून हाच शब्द. रविवारी दुपारी ते खिडकीत बसून त्याची भिंगं मलमलीनं पुसत, आणि कुणी बोललं तर हात वर करून गप्प करत.

"नेटवर हर्राशीला लाव," रुचिका फोनवर म्हणाली. "संगमेशला सांग, तो करून देईल."

संगमेश आमच्या समोरचा. बापाच्या किराणा दुकानाच्या माडीवर त्यानं तीन कॉम्प्युटर ठेवून नेट कॅफे काढला होता. त्यानं फोटो काढले आणि सात दिवसांची मुदत टाकली, रविवारी दुपारी चारपर्यंतची. मग माझं घरात लक्ष लागेना. वरण गॅसवर ठेवायचं आणि माडी चढायची. चौथ्या खेपेला तो म्हणाला, "काकू, बसा की जरा. तुमी उभं राहिल्यानं आकडा वाढत न्हाई."

"कुणी बोललं का?"

"एकजण हाय. कालपास्नं तीच वर हाय. नाव बघा, पंचशीला वडवणी. लोक कायबाय टोपणनावं घेतेत, हिनं गावासकट लिवलंय."

तिनं एक प्रश्नही विचारला होता. तेलाचं भिंग शाबूत आहे का? मी तिथंच बसले. सर्वांत मोठ्या भिंगाखाली काचेवर तेलाचा थेंब टाकावा लागतो, हे ज्यानं रोज रक्त पाहिलंय त्यालाच माहीत. संगमेशकडून लिहून घेतलं, शाबूत आहे, एक चरा नाही.

गुरुवारी डॉक्टर कल्याणराव घरी आले. शिकत होते तेव्हापासून योगीरावांना गुरुजी म्हणायचे. आता त्यांचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल उभं राहत होतं.

"वहिनी, गुरुजींचा मायक्रोस्कोप तुम्ही बाजारात मांडला? मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला काय करायचा? तुमच्याकडे नवी यंत्रं."

"दर्शनी भागात ठेवतो. काचेचं कपाट, आत दिवा, खाली पितळी पाटी. गुरुजींचं पूर्ण नाव. येणारा प्रत्येक माणूस वाचील. तिथं जो काही भाव चाललाय त्याच्या दुप्पट देतो. पण आजच बंद करा ते. मी काही तिथं बोली लावत बसणार नाही."

दुपटीचं मला विशेष काही वाटलं नाही. पाटीचं वाटलं. तीस वर्षं नोकरी करून या माणसाचं नाव कुठं दारावरसुद्धा लागलं नव्हतं. रिपोर्टखाली सही डॉक्टरची असायची.

मी माडीवर गेले. संगमेश म्हणाला, "सोपं हाय. मुदतीआधी बंद करायचं बटन हाय. बाहेर सौदा झाला की लोक दाबतेत. कारण विचारतंय, तितं लिवायचं, वस्तू खराब झाली."

"खराब कुठं झालीय?"

"लिवायचं असतंय हो काकू."

"आणि तिला विचारायचं नाही?"

"तिला कावून विचारायचं? ती कोण, तुमी कोण!"

मी उतरून घरी आले, परत चढले, परत उतरले. माझं माहेर केजचं. वडिलांची, आप्पांची, मोंढ्यात म्हणजे धान्यबाजारात अडत होती. ज्वारीच्या ढिगावर ज्याची बोली सगळ्यांत वर, तो त्यातली एक मूठ रुमालाच्या टोकाला बांधून घ्यायचा. हर्राशी पुरती व्हायच्या आत मालकाला कुणी बाजूला घेऊन जास्त भाव दिला, तर मालकानं गुपचूप माल उचलायचा नाही. मूठवाल्याच्या दुकानी स्वतः जायचं, पाणी प्यायचं, सांगायचं, असं असं झालंय, मूठ परत द्या. त्यानं ढिगात मूठ सोडली की माल मोकळा. नाही सोडली तर नाही. त्या पोरीनं माझ्या ढिगातली मूठ बांधून ठेवलेली, आणि मी खोटं कारण लिहून ढीग उचलायचा? आप्पांच्या मुलीनं?

शुक्रवारी सकाळी मी निघाले. सरळ गाडी चुकली, धारूरला बदलली. घाट उतरून तेलगावपासून जीप. सगळ्या वाटेनं काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

वडवणी तेव्हा नुकतंच तालुक्याचं गाव झालेलं. स्टँडवर विचारलं, तर पानवाल्यानंच दाखवलं. "रक्त तपासणारी, कारभाऱ्याची पोरगी पंचशीला का? ती बघा, निळ्या दाराची खोली. पर तपासणी अजून चालू न्हाई झाली."

दार तिच्या आईनं उघडलं. सरूबाई नाव. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कोर्स पास झाल्याचं सर्टिफिकेट. उत्तरेच्या खिडकीला टेबल, त्यावर पांढरं फडकं ताणून बसवलेलं. एका बाजूला काचपट्ट्यांची डबी, रंगाच्या बाटल्या, तेलाची लहान शिशी. मधे मोकळी जागा. भिंतीला टेकवून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी.

पंचशीला सव्वीस-सत्तावीसची, ओले हात पुसत आली. मी कोण ते सांगितलं, तर तिनं आधी वाकून नमस्कार केला.

"तुमी सोता आलात? एवढ्या उन्हात? आई, च्या ठेव. न्हाई, आधी पाणी."

सरूबाई हसून म्हणाली, "हिनं तर येड लावलंय, बाई. एक दिसाआड बीडला जाती, त्या कॅम्पुटरमदी बघाया. म्हनती, आपलीच बोली वर हाय. जेवताना बी तेच. तेलाचं भिंग, तेलाचं भिंग!"

"आई, गप की."

मी पाणी प्याले आणि जुळवून आणलेलं सगळं बोलले. मोंढ्याची रीत सांगितली, कल्याणराव सांगितले, पाटी सांगितली. शेवटी म्हणाले, "तुझी मूठ आहे, बाई. तू सोडलीस तरच मी त्यांना देईन. तू नाही म्हणालीस तर नाही."

सरूबाईचा हात कपावर थांबला. पंचशीलानं एकदा खिडकीकडं पाहिलं.

"घ्या की, मावशी. सोडली म्या. तुमच्या मालकाचं नाव लागतंय, चांगलंच हाय. मला काय, दुसरं मिळंल."

"मनापासून?"

"हो, मनापासनं. बिस्कीट घ्या ना."

ती मोकळी जागा मी पाहिली होती. पाहिली नाही असं आज म्हणणार नाही. पण परवानगी मिळाली होती, रीत पाळली होती, आणि डोळ्यांपुढं दिवा लावलेलं कपाट होतं. तिनं मला जीपपर्यंत सोडलं, ऊन लागू नये म्हणून डोक्यावर छत्री धरली.

शनिवारी सकाळी लाइट जायच्या आधी मी माडी चढले. संगमेशनं विचारलं, "मग? सोडली का मूठ?"

"सोडली."

"कमालच हाय. भांडली बी न्हाई?"

त्या शब्दावर मी अडखळले. मोंढ्यात लोक भांडायचे. आप्पांना तोंडावर म्हणायचे, जा, देत नाही मूठ, माझ्या बैलगाड्या काय रिकाम्या नेऊ? ते सगळे एकमेकांच्या बरोबरीचे होते. दारात आलेल्या म्हाताऱ्या विधवेला ती पोरगी नाही कशी म्हणणार होती? कळलं मला ते, तिथंच, खुर्चीवर बसल्या बसल्या. अजून वेळ होता. बटण दाबलं नसतं तर उद्या चारला मायक्रोस्कोप तिचाच होता.

"काकू, लाइट जाईल. दाबू का?"

"दाब," मी म्हणाले. "आणि कारण खरं लिही."

"खरं कारण लिवायला जागाच न्हाई, काकू." त्यानं 'वस्तू खराब झाली' यावर खूण केली आणि दाबलं.

हॉस्पिटलच्या उद्घाटनाला मी गेले. पाटी सुरेख होती, नाव शुद्ध होतं. मी रडले, आणि बरंही वाटलं. पण पुण्याला गेल्यावर चैन पडेना. खिडकीजवळ बसलं की ते पांढरं फडकं दिसायचं. तीन वर्षांनी योगीरावांची काचपट्ट्यांची लाकडी पेटी घेऊन मी परत वडवणीला गेले. ती घेताना पंचशीलानं तेवढंच सांगितलं, "मावशी, तुमी आला नसतात, नुसतं बंद केलं असतं, तर म्या चार शिव्या दिल्या असत्या आन विसरले असते."

कल्याणराव आता नाहीत. त्यांच्या मुलानं हॉस्पिटल नव्यानं बांधलं आणि कपाट काढलं. मायक्रोस्कोप त्यानं आदरानं मला पोचवला, पण बंद कपाटात भिंगांवर बुरशी चढली होती. तेलाच्या भिंगातून काही दिसत नाही. पितळी पाटी माझ्याकडे आहे. संगमेशनं कॅफे बंद करून मोबाइलचं दुकान टाकलं, आता त्याला नातू आहे. रुचिका निवृत्त झाली. सरूबाई गेल्या त्या साली मी वडवणीला जाऊन आले.

मी हर्राशी बंद केल्यावर पंचशीलाला दुसरं जुनं यंत्र मिळायला चौदा महिने लागले होते. तेवढे दिवस ती लोकांचं रक्त काचपट्टीवर घेऊन एसटीनं बीडला तपासायला नेत होती, आणि पाटी वर्तमानपत्रातच होती. आता तिच्याकडे दोन मुली कामाला आहेत. सामान सगळं नेटवरून मागवते. मागच्या खेपेला माझं रक्त काढताना मी विचारलं, अजून बोली लावतेस का?

"न्हाई, मावशी. किंमत लिवलेलीच वस्तू घेते. घेतली की आपली. मागाया कुणी दारात येत न्हाई." मग सुई काढून तिनं कापूस दाबला आणि म्हणाली, "हात दुमडून धरा."