आम्हालाच शिकवा

"सल्लागार येतील, नवं सॉफ्टवेअर तेच चालवतील. तुम्ही नुसती माहिती पुरवायची. डोक्याला ताप नको," म्हणत साहेबांनी बैठक आवरती घेतली.

"साहेब, त्यापेक्षा आम्हालाच शिकवा की," वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना वळल्या. लिफ्ट बसवणाऱ्या त्या कंपनीत धाकटे-थोरले सगळेच त्यांना वहिनी म्हणत. नवरा तिथेच फिटर होता. तो गेल्यावर त्या नियोजनाच्या टेबलावर आल्या आणि कुठल्या इमारतीत कोण जाणार, कुठला माल कधी पोचणार, हे सगळं हळूहळू त्यांच्या डोक्यात जाऊन बसलं. मध्यंतरी त्या तापाने आडव्या झाल्या, तर कामगारांच्या दोन टोळ्या एकाच इमारतीत जाऊन एकमेकांची तोंडं बघत बसल्या आणि दुसरीकडे आलेले दरवाजे बसवायला माणूसच नव्हता. त्या परत आल्यावर जो तो म्हणाला, "वहिनी, तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही!" त्या हसल्या होत्या. पण मनातून चरकल्या होत्या.

"शिकण्यात वेळ जाईल, चुका होतील," साहेब म्हणाले. "सल्लागार पहिल्या दिवसापासून काम उचलतात."

"आणि ते गेले की?"

"परत बोलवू."

"म्हणजे आज सगळे मला विचारतात, उद्या त्यांना विचारतील. माणूस बदलला, बाकी काय बदललं?"

कोपऱ्यात बसलेल्या सल्लागारबाई खुदकन हसल्या. "मला दोन्ही चालेल, साहेब. पण शिकवायचं तर नीट शिकवीन. माणसं कामावरून मोकळी करावी लागतील."

साहेबांनी कपाळ चोळलं. "हॉस्पिटलची लिफ्ट तोंडावर आलीय. ती तुम्ही वेळेत उभी केलीत, तर तुमचं खरं. नाहीतर नियोजनाचं टेबल या बाईंच्या ताब्यात."

शिकवणी सुरू झाली आणि वहिनींनी दुसऱ्याच दिवशी एका इमारतीचं अख्खं नियोजन पुसून टाकलं. बाईंनी ते परत आणलं. पण ते बघून शेजारी शिकायला बसलेले फोरमनदादा उठूनच गेले. वहिनी त्यांच्यामागे वर्कशॉपमध्ये गेल्या.

"माझ्या हाताला पाना कळतो, वहिनी. हे आपल्या बापजन्मात जमायचं नाही."

"मला तरी कुठे जमतंय? आज काय उद्योग केला, पाहिलंत ना? तुम्ही माझ्यासमोर चुका, मी तुमच्यासमोर चुकते. हसायचं नाही, एवढंच."

"हसू आलं तर?"

"तोंड फिरवून हसा."

मग जेवणाच्या सुट्टीत दोघं एका स्क्रीनपुढे बसू लागली. स्टोअरकीपर आला, वायरमन आला. सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच होती. कुणी विचारायला आलं की उत्तर वहिनींच्या ओठांवर असे, आणि त्या ते गिळून म्हणत, "स्क्रीनवर बघा." लोक चिडत. एकदा स्टोअरकीपर त्यांच्या तोंडावरच म्हणाला, "वहिनींचा भाव वधारलाय हल्ली." ते त्यांना लागलं. तरी त्यांनी स्क्रीनकडेच बोट दाखवलं. त्याने कुरकुरत स्क्रीन उघडली.

हॉस्पिटलचं काम निम्म्यावर आलं आणि निरोप आला, मोटर उशिरा येणार. साहेब तरातरा वहिनींच्या टेबलाशी आले. "संपलं! आता?"

वहिनींनी नियोजन उघडलं आणि बघतच राहिल्या. फोरमनदादांनी साइटवरूनच सगळी कामं हलवली होती. दरवाजे आणि वायरिंग आधी, मोटर शेवटी. मदतीला दुसऱ्या इमारतीतली टोळी मागितली होती. स्टोअरकीपरने मालाच्या तारखा पुढेमागे करून होकारही कळवला होता. वहिनींना कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

क्षणभर आत कुठेतरी टोचलं. मग त्यांनी हसत स्क्रीन साहेबांकडे वळवली.

"तुम्ही कधी केलंत हे?" साहेबांनी विचारलं.

"मी नाही, साहेब. आपल्या माणसांनी."

साहेबांनी स्क्रीनवरच्या तारखांवरून बोट फिरवलं. "जिंकलात, वहिनी," ते म्हणाले आणि चक्क हसले.

लिफ्ट ठरलेल्या दिवशी उभी राहिली. त्या दिवशी वहिनी पहिल्यांदाच साइटवर आल्या. इतकी वर्षं इमारतींची कामं आखली, पण एकही लिफ्ट चालू होताना त्यांनी पाहिली नव्हती. फोरमनदादांनी स्वच्छ शर्ट घातला होता.

"पहिलं बटण तुमचं, वहिनी. वरच्या मजल्यावर ऑफिसातले सगळे वाट बघतायत."

त्यांनी बटण दाबलं. दरवाजा आवाज न करता उघडला. खाली जमलेल्या टोळीच्या टाळ्या पडतायत तोच मागून चाकांची खडखड आली. एक वॉर्डबॉय म्हाताऱ्या बाईंची खाट ढकलत येत होता. वहिनी झटकन बाजूला झाल्या.

"आधी यांना न्या."

दरवाजा मिटला. वरचे आकडे एकेक करून उजळत गेले.

"थांबा, येईल आता खाली," फोरमनदादा म्हणाले.

"येऊ दे. तोवर मी पोचते," वहिनी म्हणाल्या, आणि कठड्याला हात लावून सावकाश जिना चढू लागल्या.