गुलाबाच्या कुंडीतली आगंतुक

मी गुलाबाच्या कुंडीत न बोलावता उगवलेली बोलतेय. नाव विचारू नका. या घरात मला कुणी धड नावही दिलेलं नाही. मोहरीची लांबची बहीण समजा. मातीला चिकटून पसरलेली बारीक पानं आणि वर कणीएवढी पांढरी फुलं. पान कच्चं चावलं तर जिभेला चटका बसतो. एवढीच माझी पुंजी. पण तेवढ्यावरून माणसांनी माझा केवढा छळ मांडला!

नर्सरीतून गुलाब विकत आला, त्याच्या मातीतून मी फुकट आले. सावली, गारवा आणि गुलाबाच्या पाण्यातला उरलासुरला वाटा यावर मजेत होते. घरात दोघंच, एक आचारी आणि त्याची थोरली बहीण. ताई अधूनमधून "मेलं तण!" म्हणत मला चिमटीत धरून ओढायची. पानं तुटायची, मूळ राहायचं, मी पुन्हा फुटायची. आमचं बरं चाललं होतं.

मग आचाऱ्याला ताप आला. ताप गेला तो जाताना नाक घेऊन गेला. वासच नाही, तर चव कुठली? हॉटेलच्या भटारखान्यात कांदा करपून कोळसा झाला तरी याला पत्ता नाही. मालकाने त्याला "बरं वाटेपर्यंत" घरी बसवलं. हा दिवसभर गॅलरीत बसून दिसेल ते तोंडात घालून बघायचा.

एके सकाळी त्याने माझं पान चावलं आणि ताडकन उठला.

"ताई! ताई, लागलं!"

ताई धावत आली. "काय लागलं? कुठे? रक्त आलंय का?"

"अगं, तिखट लागलं! जिभेला!"

ताईने माझ्याकडे पाहिलं. "हे? तण आहे ते."

"असू दे. हेच माझं औषध."

झालं! माझ्या सुखाला तिथेच दृष्ट लागली.

त्याने मला चमच्याने खणून नव्या कोऱ्या प्लास्टिकच्या कुंडीत लावलं आणि भर उन्हात ठेवलं. का, तर "बिचारीला ऊन मिळत नव्हतं." अहो, मी सावलीतली! दुपारी मी मान टाकली की हा तांब्याभर पाणी ओतणार. कुंडीला भोक आहे की नाही, हे बघायला साहेबांना उसंत नाही. मुळं कुजायला लागली, तर म्हणे खत कमी पडतंय. तण म्हणून उपटत होते तेव्हा परवडलं. माया सुरू झाली आणि मी मरणाला टेकले.

शेवटी ताईनेच खिळा तापवून कुंडीला भोकं पाडली आणि मला भिंतीच्या आडोशाला सरकवलं. माझी दया येऊन नव्हे, गॅलरीत चिखल झाला म्हणून.

मी सावरले. मधून एक दांडी वर आली, कळ्या धरल्या. तोच हा कात्री घेऊन हजर. फुलं आली की पानं कडवट होतात, असं कुठूनतरी ऐकून आलेला. दांडी छाटली. मी दुसरी काढली, तीही छाटली. माझं आयुष्य एका हंगामाचं. बी धरायचं, उडवायचं आणि संपायचं, एवढंच माझं काम. तेवढंही करू देईना!

त्या दुपारी जिभेवर माझं पान ठेवून तो डोळे मिटून बराच वेळ बसला.

"चटका कळतो," तो ताईला म्हणाला, "चव नाही. नुसत्या चटक्यावर कुणी आचारी ठेवतं का गं?"

मला वाईट वाटलं, पण रागही गेला नाही. दोन्ही एकदम असू शकतं.

ताईने त्याच्या हातातली कात्री काढून घेतली. "तिला खाऊन नाक परत यायचं नाही. तिला बी धरू दे आणि तू दम धर."

पुढे माझ्या शेंगा धरल्या. उभ्या, काडीसारख्या बारीक. वाळून ताठ झाल्या. एके सकाळी तो पिकली पानं काढायला वाकला आणि त्याचं बोट लागलं. ताडताड शेंगा फुटल्या! बिया त्याच्या मिशीत, कपाळावर, गॅलरीभर उडाल्या. माझ्या जन्माचं सार्थक त्या एका क्षणात होतं. मला वाटलं, आता तरी हा "वा!" म्हणेल.

तो जागच्या जागी थिजला. नाकपुड्या हलल्या.

"ताई," तो हळूच म्हणाला, "दूध करपतंय."

ताई गॅसकडे धावली आणि काळं पातेलं घेऊन दारात आली. "काय म्हणालास?"

"करपलंय. घाण वास येतोय. ताई, घाण वास येतोय!"

मग दोघंही त्या काळ्या पातेल्यात नाक खुपसून हसत काय होते, रडत काय होते! माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

तो आता पुन्हा कामावर जातो. माझ्या पानांनीच नाक आलं, असं भेटेल त्याला सांगतो. साफ खोटं आहे. ते त्याच्या वेळेने आलं. पण ऐकतंय कोण?

मी आता पिवळी पडलेय, आज-उद्या कोलमडेन. लाद्यांच्या फटींत, पन्हाळीत, कुठे कुठे माझी पोरं पडली आहेत. गारवा आला की उगवतील. लोकहो, त्यांना औषध म्हणू नका, उन्हात नेऊ नका. चार पानं खुशाल खुडून खा, चार त्यांना ठेवा. आणि एवढी कृपा करा, बाकीचा वेळ जरा दुसरीकडे बघा.