पांढऱ्याचा कप्पा

मी एक जुनी रंगपेटी आहे, आणि परीक्षेच्या सकाळी, केंद्राच्या अगदी फाटकासमोर, माझ्या पोटातल्या चोवीस रंगांचा चिखल झाला. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते लिहिलेलं नाही. तसं काही घडलेलं नाही. मी अजून नवी कोरी आहे आणि चीनमधल्या नानचांग शहरातल्या एका दुकानाच्या फळीवर झाकण घट्ट लावून बसले आहे.

माझ्यात ग्वाशचे रंग आहेत. शाळेत तुम्ही पोस्टर रंग वापरले असतील, त्याच घराण्यातले आम्ही. जलरंगातून खालचा कागद दिसतो, आम्ही कागद झाकतो. जलरंगात झालेली चूक जन्मभर दिसत राहते. आमच्यात झालेली चूक वाळू द्यायची आणि वरून जाडसर थर द्यायचा. इतके मोठ्या मनाचे रंग तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाहीत. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये हे मला कळतं, पण फळीवर माझ्या शेजारी डिंकाच्या बाटल्या होत्या आणि त्यांना बोलायची सवय नव्हती.

एके दिवशी युन्येन नावाच्या मुलीनं मला उचललं. कप्प्यांवरचे पातळ पडदे सोलले आणि पहिलं काय केलं असेल, तर वास घेतला. रंग जेलीसारखे थलथलीत होते, त्यामुळे तिची चूक म्हणता येणार नाही.

युन्येन यूगान नावाच्या गावाहून आली होती. तिथं तिच्या आईचं तांदळाच्या शेवया आणि मडक्यातल्या सुपाचं दुकान आहे. मुलीला कला महाविद्यालयात जायचं होतं. प्रवेशपरीक्षा डिसेंबरात, वर्षातून एकदाच. ती हुकली की युन्येननं दुकानात सुपाची मडकी उतरवायची, हे दोघींमध्ये ठरलेलं होतं. सुपाशी तिचं वैर नव्हतं. पण मडकं हातात घेतलं की ती त्याच्या सावलीत जांभळा किती आणि हिरवा किती हे बघत उभी राहायची, आणि गिऱ्हाईक चमचा हातात धरून ताटकळायचं. थोडक्यात, परीक्षा पास होणं हे गिऱ्हाइकांच्याही हिताचं होतं.

ती ज्या शिकवणीत दाखल झाली, तिथले पांग सर हातात थर्मास घेऊन मुलांच्या पाठीमागून फिरत. युन्येननं पहिलं पेअर काढलं तेव्हा प्रत्येक रंगात पांढरा घातला होता.

सर थांबले. थर्मासचं झाकण उघडलं, बंद केलं.

"हे पेअर आहे की पिठात लोळवलेला बटाटा?"

"पेअर आहे, सर."

"त्याला आरसा दाखव. त्यालाही कळू दे."

पुढच्या खेपेला तिनं पांढरा आवरला, पण ब्रश धुवायचं पाणी सकाळपासून बदललं नाही.

"भांडी घासलेलं पाणी कागदावर का ओतलंस?"

"सर, ती सावली आहे."

"मग सावलीला आंघोळ घाल."

तेव्हापासून युन्येन पाण्याची दोन भांडी ठेवू लागली. एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यात विसळायचा, आणि विसळायचं पाणी गढूळ दिसलं की गुमान उठायचं. रंग दाट सायीइतका ठेवायचा हे ती शिकली. त्याहून पातळ झाला तर खालचं दिसतं, जाड झाला तर वाळून तडकतो. ब्रश पाण्यात उभा सोडून जेवायला जाणं तिनं बंद केलं.

आमची एक खोड मात्र कबूल केली पाहिजे. ओले असताना आम्ही एक दिसतो, वाळल्यावर वेगळे. फिके रंग वाळून जरा गडद होतात, गडद रंग जरा फिके. पुष्कळ मुलं यावरून आमच्यावर रुसतात. युन्येन रुसली नाही. तिनं प्रत्येक मिश्रणाची एक पट्टी रंगवली, केस वाळवायच्या यंत्रानं वाळवली आणि पलंगाशेजारच्या भिंतीला चिकटवली. मी पुष्कळ हात पाहिलेले नाहीत, एकच पाहिला आहे, पण असा हात मी दुसरा पाहिला नाही.

"तुझ्या भिंतीला नायटा झालाय," शियाओमान म्हणाली.

शियाओमान म्हणजे तिची खोलीतली मैत्रीण. तिच्याकडे माझ्यासारखीच पेटी होती. माझ्याकडे ती रोज यायची, रंग काढायची बोथट सुरी घेऊन.

"थोडासा पांढरा घेते हं."

"तुझा कुठाय?"

"आहे की पेटीत."

"मग तो का नाही वापरत?"

"वापरला की संपतो तो."

पांढऱ्याचा कप्पा माझ्यात सगळ्यांत मोठा, कारण उजेड सगळ्यांनाच लागतो, आणि तरी तळ त्याचाच आधी दिसायचा. युन्येन भरायची, शियाओमान उपसायची. विहिरीलासुद्धा इतकं सोसावं लागत नसेल.

बाकी माझी निगा दृष्ट लागण्यासारखी होती. रोज संध्याकाळी पाण्याचा हलका फवारा, वर ओलसर फडकं, मग झाकण, आणि मला कायम आडवं ठेवायचं. पिवळ्यात निळा ब्रश गेला तर सरांचं एकच सांगणं असे: "वरचा मळ बघून रंग फेकू नका. सुरीनं वरचा थर काढा. खाली तो जसाच्या तसा असतो."

परीक्षेच्या आदल्या दिवशी आई आली. एका हातात सुपाचं मडकं, दुसऱ्या हातात लाल किपाओ, म्हणजे अंगालगत बसणारा, बाजूंना चिरा असलेला लांब चिनी झगा. मुलांच्या परीक्षेला आयांनी किपाओ घालून फाटकाशी उभं राहायचं म्हणजे यश येतं, हे तिकडे सगळ्यांना माहीत आहे. पण किपाओ उन्हाळ्यातल्या परीक्षेच्या बेतानं शिवलेला असतो आणि हा होता डिसेंबर. म्हणून आईनं आत दोन लोकरी विजारी घातल्या, आणि वारं शिरू नये म्हणून किपाओच्या बाजूच्या दोन्ही चिरा शिवून टाकल्या.

संध्याकाळी युन्येन आंघोळीला गेली तेव्हा आईनं मला उघडून बघितलं. खोलीतल्या हीटरनं माझा वरचा थर जरा सुकला होता. सूप आटलं की पाणी घालायचं, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव. तिनं पाणी घातलं. सढळ हातानं घातलं. प्रेमानं घातलं, हे मला मान्य आहे.

सकाळी फाटकाकडे जाताना तिनं मला युन्येनच्या हातातून काढून घेतलं.

"हात खिशात ठेव. बोटं गारठली तर पायानं काढणार आहेस का चित्र?"

"आई, आडवी धर तिला."

"कळतंय मला. रोज मडकी धरते मी."

आणि मला काखेत उभी मारून ती निघाली. फाटकासमोर पदपथाची पायरी होती. आईनं पाय उचलला. शिवलेल्या किपाओनं तो उचलू दिला नाही.

आता पहिलं वाक्य आठवायला हरकत नाही.

आई रस्त्यावर बसली होती. तिला लागलं नव्हतं, पण ती उठेना. युन्येननं माझं झाकण उघडलं. आत एकच रंग होता, आणि त्याला नाव नव्हतं.

"सूप असतं तर गाळून घेतलं असतं," आई हळूच म्हणाली. मग म्हणाली, "पोरी, मीच घालवलं सगळं."

युन्येन रडली नाही. ती तिथंच मांडी घालून बसली, सुरी काढली आणि कप्प्यामागून कप्पा वरचा थर काढू लागली. खाली तांबडा तांबडाच होता. पिवळा पिवळाच. निघालेला चिखलही तिनं टाकला नाही, रंगपाटीच्या कोपऱ्यात त्याचा ढीग केला. मित्रांनो, त्या वेळी मला जर हात असते तर मी ते जोडले असते.

मग ती पांढऱ्यापाशी आली. सुरी खाली गेली आणि प्लास्टिकला लागली. खाली काहीच नव्हतं. थोडाथोडा करत तो केव्हाच गेला होता, आणि पांढऱ्याशिवाय ग्वाशचं चित्र म्हणजे दिवे गेलेलं घर.

शियाओमान शेजारी उभी होती. तिनं आपली पेटी उघडली. तिच्या पांढऱ्यावरचा पडदासुद्धा सोललेला नव्हता. वर्षभर ती माझाच वापरत होती. तिनं तो पडदा सोलला.

"अर्धा की सगळा?"

"अर्धा. तुलाही लागेल."

"मला कुठं सवय आहे माझा वापरायची," शियाओमान म्हणाली, आणि अर्ध्याहून बराच जास्त काढून माझ्या कप्प्यात भरला.

परीक्षेत आलं मातीचं मडकं, पांढरं कापड आणि दोन संत्री. कापडाच्या घड्यांतली सावली युन्येननं त्या कोपऱ्यातल्या चिखलात पांढरा मिसळून रंगवली. इतका शांत राखाडी माझ्यातून पूर्वी कधी निघाला नव्हता. मडकं तर तिला पाठच होतं. निकाल लागला, ती पास झाली, शियाओमानही झाली. पांग सरांना सगळी हकिगत कळली तेव्हा त्यांनी थर्मासचं झाकण उघडून बंद केलं.

"हाच राखाडी मी तुला वर्षभर सांगत होतो. तुझ्या आईला आधीच बोलवायला हवं होतं."

युन्येन आता महाविद्यालयात मोठ्या पेटीतून रंगवते. मी यूगानच्या दुकानात गल्ल्याशेजारी असते. माझ्या कप्प्यांत रबरबँड आहेत, खिळे आहेत, कुणाचं तरी बटण आहे. पांढऱ्याच्या कप्प्यात दात कोरायच्या काड्या. आई रोज रात्री मला पुसते आणि कुणी मला उभं धरलं तर अंगावर जाते. शियाओमान सुट्टीत सूप प्यायला येते आणि पांढऱ्याच्या कप्प्यातून काड्या घेते. मूठभर. न विचारता.

मित्रांनो, तुमच्या पेटीला रोज थोडं पाणी द्या, थोडंच द्या, तिला आडवी ठेवा, आणि वर मळ दिसला म्हणून तिच्यावरची आशा सोडू नका.

आणि प्रांतिक परीक्षा मंडळाच्या माननीय अध्यक्षांना सविनय विनंती की, प्रस्तुत अर्जदार पेटीची सेवा विचारात घेऊन परीक्षा केंद्रांसमोरील सर्व पायऱ्या शिवलेल्या किपाओच्या मापाने बसवून मिळाव्यात. अर्जदाराच्या पांढऱ्याच्या कप्प्यातील काड्या हलवून तेथे पूर्ववत पांढरा रंग भरण्यात यावा. आणि कुमारी शियाओमान यांनी तो न विचारता घेण्याची प्रथा कायम ठेवण्यात यावी.