अम्मनच्या कुंडीतलं बी

रुजवणीच्या खोलीला कुलूप लागून पाच दिवस झाले होते. त्या खोलीत आत काय चाललंय हे पेच्चियम्माळला शनिवारी सकाळी स्वतःच्या माजघरात बसून कळलं. आत काहीच चाललेलं नसणार.

झालं असं, की येत्या मंगळवारी देवीपुढे नव्या तांदळाचं पोंगल करायचं म्हणून ती बियाण्याच्या पोत्यातलं थोडं भात काढायला गेली. बियाण्याच्या पोत्याचं तोंड बांधलं, की गाठीवर शेण लिंपायची तिची रीत होती; लेप फुटला म्हणजे पोतं उघडलं. लेप जसाच्या तसा होता. एक तडासुद्धा नव्हता. पेच्ची त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं शेजारचं पोतं सोडलं. तिथं वर चांगला मापभर खळगा पडला होता. तिनं एक दाणा काढला, दाताखाली धरला. कडक, पिवळसर, काचेसारखा. उकडलेलं भात!

गेल्या पंधरवड्यात तिनंच ते हंड्यात उकडलं होतं, अंगणात वाळवलं होतं, वर्षभराच्या खाण्यासाठी. फोल अंगावर असतं तोवर उकडलेलं भात आणि कच्चं भात जुळ्या बहिणींसारखं दिसतं. फरक एवढाच, की उकडलेलं काही केल्या रुजत नाही. आणि गेल्या मंगळवारी, साऱ्या बायकांच्या समोर, अम्मनच्या कुंडीत याच पोत्यातलं मापभर पडलं होतं.

कोरैक्कुळम गावात पंगुनी महिन्यात, म्हणजे फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, मुप्पिडाती अम्मन या देवीचा उत्सव लागतो. मनगटाला हळदीचा दोरा बांधला, की आठ दिवस कुणी गावाबाहेर मुक्काम करायचा नाही. त्याच दिवशी घरोघरच्या कुंड्यांत मूग, चवळी, तूर पेरतात आणि एका अंधाऱ्या खोलीत ठेवतात. मधोमध अम्मनची कुंडी. तिच्यात फक्त भात, आणि ते दर वर्षी पाळीच्या घरचं. घरं सव्वीस, म्हणजे पाळी येते सव्वीस वर्षांनी. रोपं दाट आली तर वर्ष चांगलं. विरळ आली, की पुढचं वर्षभर कुणाची म्हैस आटली तरी बायका पाळीच्या घराकडं बघून सुस्कारे टाकतात. कुंडी कोरी राहिल्याचं मात्र कुणालाच आठवत नव्हतं.

पेच्चीला स्वतःची एवढी धास्ती नव्हती. लोकांनी बोलून बोलून तिची कातडी केव्हाच जाड केली होती. पण माप तिनं नव्हतं ओतलं. तिनं ते हौसेनं सुनेच्या हातात दिलं होतं. इसक्कीचे दोन गर्भ राहिले नव्हते. लग्नानंतर सहा वर्षांनी आता पाचवा महिना लागला होता. "तू मोजून आण, तूच ओत. अम्मनला तुझा हात दिसू दे," असं पेच्चीच म्हणाली होती. आता येत्या मंगळवारी दार उघडणार, कुंडीत नुसती माती दिसणार, आणि सारं गाव आधी कुंडीकडं बघणार, मग इसक्कीच्या पोटाकडं. कुणी काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. त्या नजरेनंच पोरगी खचली असती. पेच्ची तिथंच पोत्याला टेकून बसली.

"अत्तै, जेवायला येताय ना?" इसक्की दारात उभी होती. सासूला ती अत्तै म्हणे, माहेरी आत्याला म्हणावं तसं.

"मला उपास आहे."

"उपास सकाळचा होता. आता दुपार झाली."

"मग दुपारचापण आहे! तू जेव. दोघांचं जेव."

इसक्की हसत हसत आत गेली. आज तीन दिवस ती अशीच हसत होती, काम करता करता गुणगुणत होती. पेच्चीला ते ऐकून भडभडून आलं. बिचारीला पत्ताच नाही, असं तिला वाटलं.

संध्याकाळी बायका रुजवणीच्या खोलीपुढं फेर धरायला जमल्या. बियांना गाणं ऐकवावं लागतं, नाहीतर त्या रुसतात म्हणे. पेच्चीनं टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण बाहेर गाण्यांचा धडाका आणि आत मेलेलं बी, हे तिला सहन होईना. आपण प्रेतापुढं अंगाई म्हणतोय असं तिला वाटायला लागलं.

"पेच्ची, टाळ्या वाजवतेस की माशा मारतेस?" एकीनं टोमणा हाणला. सगळ्या खिदळल्या.

खिदळली नाही ती फक्त वडिवू. तिच्या कमरेला खोलीची किल्ली होती. रोज पहाटे एकटीनं आत जाऊन पाणी शिंपडायचं काम गेली कित्येक वर्षं तिच्याकडं होतं. बाकी कुणी पाऊल टाकायचं नाही. या वडिवूशी पेच्ची अकरा वर्षं बोलत नव्हती. वडिवूच्या बकरीनं पेच्चीच्या गच्चीवरचे वर्षभराचे सांडगे खाल्ले होते. त्यावर वडिवू म्हणाली होती, "एवढं मीठ खाऊन माझी बकरी आजारी पडली त्याचं काय?" अशा बाईच्या तोंडी लागण्यापेक्षा पेच्चीनं विहिरीचा काठ जवळ केला असता. आणि नेमकी तीच किल्लीवाली.

रविवारी दुपारी पेच्ची तिच्या दारात जाऊन उभी राहिली. रात्रभर विचार करून तिनं ठरवलं होतं, सगळं आपल्या अंगावर घ्यायचं.

वडिवू ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"अक्का," पेच्ची म्हणाली. अकरा वर्षांनी तो शब्द जिभेवर आला. "अम्मनच्या कुंडीत जे भात पडलंय ना, ते उकडलेलं आहे. ते मी मोजलं होतं. सून फक्त ओतायला पुढं आली, तिला काही ठाऊक नाही. मंगळवारी दार उघडण्याआधी तू सगळ्यांना सांग, पेच्चीनं घाण केली म्हणून. शिव्या द्यायच्या त्या मला देऊ देत. तुला तर आनंदच होईल."

वडिवूनं चिंचोका बाजूला टाकला.

"पुरतं बोलून झालं?"

"झालं."

"मग खोटं का बोललीस? तू मोजलं नव्हतंस."

"तुला कुणी सांगितलं?"

"चल." वडिवू हात झटकत उठली. रुजवणीच्या खोलीपर्यंत ती पुढं पुढं चालत राहिली. खोलीचं दार उघडून ती बाजूला झाली. "तिथूनच बघ. आत पाय टाकू नकोस."

अंधाराला डोळे सरावायला जरा वेळ लागला. आधी कडेच्या कुंड्यांतल्या चवळीच्या माना दिसल्या. मग मधली कुंडी दिसली. तिच्यात दोन बोटं उंचीचे, पिवळे, सुईसारखे सरळ, एकमेकांना खेटून उभे असलेले कोंभच कोंभ होते.

पेच्चीनं उंबरठ्यावरच हात जोडले. "आई! तू माझी लाज राखलीस!"

"तिला कशाला मध्ये आणतेस?" वडिवू फणकारली. "बुधवारी रात्रभर भात भिजवलं, गुरुवारी पहाटे तुझं सगळं उपसून नवं पेरलं, कंबर माझी मोडली, आणि नाव आईचं!"

"तू? का?"

"तुझी सून आली होती बुधवारी दुपारी. गिरणीला न्यायचं म्हणून पोत्याकडं गेली, तर शेजारी तो तुझा शेणाचा लेप न फुटलेला दिसला. रडत रडत मला म्हणते, चूक माझी आहे, अत्तैला यातलं काही ठाऊक नाही, त्यांना कळलं तर त्या चारचौघांत दोष स्वतःवर घेतील आणि खंगून मरतील. आणि आज तू येतेस, म्हणतेस चूक माझी. काय घर आहे तुमचं! दुसऱ्या घरांत चूक कुणाची यावरून भांडतात, तेही एकमेकींवर ढकलायला."

पेच्चीला हुंदका आला आणि हसूही आलं, दोन्ही एकदमच. ती उंबरठ्याबाहेर बसली. कालपासून छातीवर ठेवलेली धोंड कुणीतरी उचलून नेली होती.

"पण अक्का, बी? पाळी तर आमच्या घराची. आमचं पोतं तर बंदच आहे."

"बी माझ्या घरचं. तुमचं पोतं उघडलं असतं तर तुला संशय आला असता, म्हणून पोरीनं हात लावला नाही. अम्मनला भात पाहिजे गं, ती घराचा नंबर विचारत नाही." वडिवू कुलूप लावायला वळली. "माझं भांडण तुझ्याशी आहे. तुझ्या नातवंडाशी नाही."

पेच्चीनं तिचा चिंचेनं माखलेला हात धरला आणि डोळ्यांना लावला. वडिवूनं तो ओढून घेतला, पण लगेच नाही.

घरी आली तेव्हा इसक्की चुलीपुढं होती. सासूचे सुजलेले डोळे पाहून तिच्या हातातला डाव तसाच राहिला.

"त्या वडिवूकडं जाऊन रडलीस?" पेच्ची म्हणाली. "एवढं घडलं आणि मला सांगितलं नाहीस?"

इसक्कीचा चेहरा आधी पडला. मग सासूलाही आधीच कळलं होतं हे तिच्या ध्यानात आलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल सकाळी."

"म्हणजे कालपासून तुम्ही उपाशी आहात ते यासाठी? आणि तुम्ही तरी मला कुठं सांगितलंत, अत्तै?"

पेच्ची भिंतीला टेकून बसली आणि तिनं पान पुढं ओढलं.

"वाढ," ती म्हणाली. "भरपूर वाढ. आणि तूही बैस माझ्याजवळ."